नेपच्यून कोण होणार?

नाही, मला सांगा, चार ओळी हो! अख्ख्या पुस्तकात नेपच्यूनच्या वाट्याला चार ओळी! लांब आहे, गार आहे, निळा आहे, सूर्याभोवती एका फेरीला एकशे पासष्ट वर्षं लागतात... संपलं! वाचायचं, घोकायचं, मोकळं व्हायचं. पण आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, नुकत्याच कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या. चष्मा नाकावर ओढून म्हणतात कशा, "सर, ग्रह वाचून दाखवू नका, मुलांना अनुभवू द्या!" आता नेपच्यून काय अनुभवायचा, तुम्हीच सांगा!

तर काढली पाचवीची पोरं मैदानात. सूर्य व्हायला मारामारी, कारण सूर्याला खुर्ची! शनी व्हायला मारामारी, कारण शनीला सायकलचा टायर! नेपच्यून कोण म्हटल्यावर एकही हात वर नाही. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची आमची चिमणी, वर्षभरात 'हजर' सोडून दुसरा शब्द नाही हो तोंडातून, ती हात वर करते, "सर, मी होते." मला भरूनच आलं! निळी टोपी चढवली तिच्या डोक्यावर. पण अंतर बरोबर नको? पृथ्वी घंटेखाली, तर नेपच्यून सूर्यापासून तिच्या तीसपट लांब... म्हणजे फाटकाबाहेर, न्हाव्याच्या दुकानापुढे, दिव्याच्या खांबापाशी! सोबत शिपाईमामा दिले. बजावलं, "मामा, पोरीला सोडून हलायचं नाही." मामा हलले! का? तर मधल्या सुट्टीची घंटा वाजवायला!

घंटा झाली, ग्रह डब्यांवर तुटून पडले. बघतो तर नेपच्यून नाही! धावलो. खांब आहे, चिमणी नाही. लोकांची पोर, आणि मी चार ओळींपायी हरवली! न्हाव्याला धापा टाकत विचारलं, "नेपच्यून पाहिलात का?" तो वस्तरा थांबवून म्हणतो, "इथं त्या नावाचे कोणी राहत नाहीत." खुर्चीतलं फेस लावलेलं गिऱ्हाईक म्हणतं, "पोस्टात विचारा!"

शेवटी सापडली. कुठे? गल्लीच्या टोकाला बर्फवाल्याच्या पायरीवर, गोणपाटावर ऐसपैस, गालात बर्फाचा खडा!

"अगं, इथे काय करतेस?"

"सर, खांबापाशी ऊन होतं. नेपच्यूनवर ऊन नावालाच, तुम्हीच म्हणालात."

"अगं पण घंटा झाली!"

"एका फेरीला एकशे पासष्ट वर्षं ना, सर? मी तर आत्ताच निघाले."

वर्षभराचं बोलणं एका दमात! रागवायला तोंड उघडलं आणि रडूच यायला लागलं. म्हटलं, बाई गं, तुझंच बरोबर.

मिटलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं! तर आज मोठ्या बाई म्हणतात, "काल मुलं फार रमली म्हणे, परत घ्या, मी बघते." विचारलं, नेपच्यून कोण? अख्खा वर्ग उभा! चिमणी मधोमध, सगळ्यांना शिकवतेय, "बर्फ चावायचा नाही, चघळायचा." कालचा सूर्यसुद्धा खुर्ची सोडून तिच्या मागे! मी म्हटलं, "बाई, सूर्य तरी कोणी व्हायला हवं." तर म्हणतात, "तुम्ही आहात ना! मुलांचा उत्साह मोडू नका." आणि पदर खोचून स्वतःच निघाल्या पोरांबरोबर!

चार ओळी हो, चार! आणि भर दुपारी, मोकळ्या मैदानात, खुर्चीवर सूर्य म्हणून मी एकटा. सूर्यमाला सगळी बर्फवाल्याकडे, मोठ्या बाईंसकट. घंटा कधीच झाली... पण परत यायला एकशे पासष्ट वर्षं लागतात म्हणे.