शेजारची थाई आजी

चारकोपच्या फोटो स्टुडिओत नंबर यायची वाट बघणाऱ्या नंदकुमारांनी पेपर उघडला होता खरा, पण कान बाकावरच्या दोघी मैत्रिणींकडे होते.

"दर्शना, गेलीस बँकॉकला आणि आईला सांगितलंस नागपूर?"

"मग काय! तिकडे हॉस्टेलच्या एका खोलीत बारा जणी म्हटल्यावर सोडलं असतं तिने?"

"कळलं कसं मग?"

"तिथल्या विहारात मी 'बुद्धं सरणं' म्हणत होते. शेजारची थाई आजी माझ्याबरोबर शब्दन्‌शब्द म्हणायला लागली! बरोबरच्या प्रितमने व्हिडिओ स्टेटसला टाकला, आईने बघितला."

"वाट लागली! ओरडली आई?"

"नाही यार. पंधरा वेळा बघितला तो व्हिडिओ."

"आणि?"

पडद्यामागून आईचीच हाक आली, "दर्शे, पासपोर्टच्या फोटोत हसायचं नाही म्हणतायत हे फोटोवाले. आता कसं करू गं?"