नखाएवढा पोपडा

अस्मिता : बी विंगला कावीळ झाली म्हणू नकोस, अभिराम. कावीळ बरी होते.

अभिराम : हस तू. खाली मीटिंग आहे आत्ता. अख्खं जुईनगर बघतंय, ए विंग एका रंगाची, बी विंग भलत्याच.

अस्मिता : मग सेक्रेटरी म्हणून सांग ना, मुद्दामच केलंय. लेटेस्ट डिझाइन. फ्लॅटचे रेट वाढतील.

अभिराम : अगं, रंग मॅच होता! ए विंगच्या भिंतीचा पोपडा काढून दुकानात नेला, शेड कार्डाला लावून बघितला. मी, गोटीराम, दुकानदार, तिघांनी. डिट्टो.

अस्मिता : केवढा पोपडा?

अभिराम : असेल... नखाएवढा.

अस्मिता : वा! सात मजली बिल्डिंग आणि नखाएवढा नमुना. बेल वाजली बघ, तुझे खजिनदार आले. या, गोटीरामभाऊ.

गोटीराम : चला साहेब, मानसं जमली. दत्तू पेंटरला पन बोलावलाय. त्यानं रंगात पानी घातलं, असं सांगून टाकू. आपन सुटलो.

अस्मिता : पाणी घालताना बघितलंत तुम्ही?

गोटीराम : बघाया कशाला पायजे, वहिनी? पेंटर हाय ना तो.

अस्मिता : तुम्ही जज्ज व्हायला हवं होतं. बसा इथे. हा पुठ्ठा बघा. डावीकडे ए विंगचा रंग, मी लॅबमध्ये जुळवून आणलाय. उजवीकडे दत्तूच्या डब्यातला. वर ही जुनी लग्नपत्रिका, बारीक भोक पाडलेली. लांब धरा आणि भोकातून दोन्ही रंग बघा.

गोटीराम : एकच तर हाय!

अभिराम : बघ, मी काय म्हणत होतो?

अस्मिता : आता पत्रिका काढते.

गोटीराम : आयला.

अभिराम : उजवा पिवळट आहे.

अस्मिता : मगाशीही पिवळटच होता, साहेब. इवल्याशा तुकड्यात डोळ्याला पिवळट-निळसर फरक धड कळत नाही. मोठा भाग समोर आला की कळतो. महापेला रंगाच्या कंपनीत दिवसभर मी हेच करते. म्हणून सांगितलं होतं, भिंतीवर दाराएवढा पट्टा मारून बघ. तर काय म्हणालास?

अभिराम : जाऊ दे ना.

अस्मिता : 'बायकोला विचारून सोसायटी चालवतो म्हणतील.'

गोटीराम : ते तर म्हंतातच, वहिनी.

अभिराम : गोटीराम!

गोटीराम : खोटं कशाला बोलू? पन साहेब, भोक-बिक खाली कोन ऐकनार? पोरं बोलतात, साहेबानं कमिशन खाल्लं. दत्तूवर ढकला, मिटंल.

अभिराम : कमिशन? मी?

अस्मिता : ढकल की. दत्तूला इथल्या एकाही सोसायटीत परत काम मिळणार नाही, एवढंच. आणि खरं बोललास, तर तुझी सेक्रेटरीची खुर्ची जाईल. केवढं नुकसान! देश कसा चालणार?

अभिराम : बास झालं. दे तो पुठ्ठा इकडे. पत्रिका पण.

(मीटिंग संपल्यावर अभिराम एकटाच घरी येतो.)

अस्मिता : राजीनामा मागितला?

अभिराम : मागितला. दिला.

अस्मिता : अभिनंदन. रविवार मोकळे झाले.

अभिराम : सांगितलं सगळ्यांना, शेड मी पास केली, आपण दिला तोच रंग दत्तूने लावला. मग बी विंगच्या नमिताताई म्हणाल्या, आत्ता एवढी अक्कल आहे, तर तेव्हा कुठे होती?

अस्मिता : चांगला प्रश्न आहे.

अभिराम : भोकातून मात्र एकूणएक जणाने बघितलं. त्याही दोनदा बघून गेल्या.

अस्मिता : आणि कमिशन?

अभिराम : बोलणारे अजून बोलतायत. बोलू देत.

अस्मिता : ...जेवायला वाढू?

अभिराम : थोड्या वेळाने. दत्तूने टपरीवर चहा पाजला आत्ताच.

अस्मिता : त्याने? अरे, तू पाजायचास.

अभिराम : म्हटलं मी. ऐकेना.