वायरमन आणि घुमट

आमचे बाबा हल्ली मला ओळखत नाहीत. रोज सकाळी मला बघितलं की विचारतात, “वायरमन, लायट कधी येतली?” मीही आता “दुपारपर्यंत” म्हणून टाकतो.

डॉक्टर म्हणाले, माणसं विसरली तरी गाणं राहतं, ते ऐकवून बघा. बाबांनी जन्मभर पार्से गावात चवथीच्या आरतीला घुमट वाजवलं. मला त्यांनी शिकवलं, पण ते धड जमलं नाही. म्हणून कारापूरहून एक पट्टीचा वाजवणारा बोलावला. बाबांनी त्याच्याबरोबर अख्खी आरती म्हटली, एक शब्द चुकला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वायरमन, ह्यांका चाय दी.”

बायको चहा करायला गेली, तेवढ्यात मी घुमट मांडीवर घेतलं आणि तीच आरती धरली. दुसऱ्या कडव्यात नेहमीच्या जागी माझा हात ताल सोडून पुढे पळाला. बाबा गायचे थांबले.

“बाबल्या, तीस वर्सां सांगतंय, थंय घाय करू नको.”

माझे डोळेच भरले. बायको म्हणाली, “आता तरी तेवढी जागा नीट बसवून घ्या.”

म्हटलं, खुळी की काय? नीट वाजवलं की मी परत वायरमन.