घरचा दोरा

नाही हो साहेब, थंडीनं नाही थरथरत हात. वय झालं म्हणा — म्हणा काय, झालंच. पंच्याहत्तर की सत्त्याहत्तर, कुणी लिहून ठेवलंय? टाका मात्र चुकत नाही. हा बघा तुमच्या ब्यागेचा पट्टा, चार टाके राहिलेत, बसा तेवढे. त्या स्टुलाचा एक पाय स्वल्प आखूड आहे, सांभाळून. पुण्याचे म्हणालात ना? तरीच. आल्या आल्या "आजोबा, पट्टा तुटलाय" म्हणालात आणि मला कसं बरं वाटलं. इथं जयनगरात उभा दिवस मी कन्नडच बोलतो. आमची घरं इथली फार जुनी — शहाजीराजांच्या लष्कराबरोबर आलेली, असं माझे अज्जा, म्हणजे आजोबा, सांगायचे, खरंखोटं देव जाणे — पण मराठी तेवढी उंबऱ्याच्या आत. बाहेर अंगडीत, म्हणजे ह्या माडीवरच्या दुकानात, कन्नड. गिऱ्हाईक आलं की "बन्नी", या. काम झालं नसलं की "नाळे बन्नी", उद्या या. नाळे बन्नी, नाळे बन्नी, दिवसातून वीसदा. म्हणून मराठी कानावर पडली की मला वाटतं घरचंच माणूस आलं. मग तोंड थांबत नाही.

काय? ती होय, खुंटीवरची पर्स? नवी चेन बसवलीय. आत पिवळा दोरा दिसतोय तो — अहो, ती माझी अक्षरं! शाळेचं तोंड बघितलं नाही मी, लिहायला येत नाही, मग कुणाचं काय हे कळायचं कसं? परटाची खूण असते ना कपड्यावर, तसं. आतल्या कोपऱ्यात तीन टाके. लाल दोरा डॉक्टरीणबाईंचा. हिरवा चौथ्या ब्लॉकातल्या भीमाचार्यांचा, पोथीची पिशवी दर वर्षी फाडून आणतात. निळा कालेजच्या पोरांचा. आणि पिवळा घरचा. पिवळा दुसऱ्या कुणाला म्हणून लावत नाही मी. कमलानं, माझ्या बायकोनं सुरू केलं ते — लग्नात हळदीचा दोरा बांधतात ना मनगटाला, त्यावरून. म्हणायची, घरचं काम तुम्ही नेहमी मागं टाकता, पिवळा दिसला की आधी हातात घ्यायचं. ती गेली, दोरा राहिला. ही पर्स आमच्या नातीची, सुप्रीताची. दोघंच आता घरात. आज सुट्टी आहे तिला, एक वाजता डबा घेऊन येईल आणि पर्स — नोकरी? आहे की. कचेरीत. कसली म्हणजे… कॉम्प्युटरची. ह्या गावात कोण कॉम्प्युटरवर नाही? महादेवपुऱ्याकडं जाते. जाते म्हणजे, मला कुठं नक्की माहीत. तुमच्या पट्ट्याला काळा दोरा चालेल ना?

पुन्हा हाताकडंच बघताय. बरं, सांगतो, घरच्यासारखे आहात. भीतीनं थरथरतो. आठ दिवस झाले. टीव्हीवर नाही पाहिलंत? समोर चहावाल्याकडं चालूच असतो. ते फोन हो, गुंड लोकांचे गुपित फोन — एकानं लिहायचं, दुसऱ्यानंच वाचायचं, मधल्याला दिसणार नाही, असले. माल कुठं उतरवायचा, कुणाला उचलायचं, कुणाला उडवायचं, सगळं त्यावर. आणि ते फोन विकत होतं कोण? पोलीस! व्यापारी बनून! दीड वर्ष ह्यांचं एकेक अक्षर वाचत बसले होते ते, आणि ह्यांना वाटतंय आपण कुलपात आहोत. मग एका दिवसात उचलले सगळे. सगळे नाही म्हणा. काही सुटले म्हणे, आणि आता शोधत फिरतायत — हे फोन आपल्यात घुसवले कुणी. म्हणून भितो म्हातारा, दुसरं काय. मला काय कळतं त्यातलं? टेबलावर मांडून दाखवले ते फोन, ओळीनं, काळ्या चामड्याची कव्हरं घातलेले, आणि माझ्या हातातला चहा —

काही नाही. चहा गरम होता.

हे काय काढलंत खिशातनं? आणखी एक काम आहे होय? द्या की. ह्या कव्हराची शिलाई तर चांगली घट्ट —

नाही. नाही, माझं नाही हे. असला टाका कुणीही घालतं. आत कशाला उलटताय, कातडं चिरेल — हो. पिवळाच दिसतो. पण पिवळा दोरा बाजारात कुणालाही मिळतो, साहेब. आणि मघाशी मी बोललो ते उगाच, वेळ जावा म्हणून. काळा संपला असेल एखाद्या दिवशी, लावला असेल पिवळा. चाळीस? कोण म्हणतं चाळीस, छत्तीसच कव्हरं होती —

पाणी पितो जरा. तुम्ही घ्या. नको? सरी, बरं.

सांगतो. एक माणूस आला होता. कसा म्हणजे, उंच. फार उंच नाही. मिशी होती. त्या फोनाचा आकारच वेगळा, क्यामेरा नाही, काही नाही, त्या मापाचं कव्हर बाजारात मिळेना, म्हणून शिवायला दिली. इथंच दिली, ह्या स्टुलावर बसून, घरी नाही. मग घरचा दोरा का, हेच विचारणार ना तुम्ही? हात आपला जातो हो. साठ वर्षांची सवय. मला कुणी लाव म्हणून सांगितलं नव्हतं, तिनं तर आत उलटून बघितलंसुद्धा नसेल, ती कुणाच्या वाईटावर नाही, वरच्या साहेबांनी सांगितलं तेवढं केलं पोरीनं, आणि मला शंभरदा म्हणाली, अज्जा, थोडे दिवस अंगडी बंद ठेव, कुणाशी बोलू नको —

कमला. कमला म्हणाली. हो, वारली. आठ वर्षं झाली. मी स्वप्नातलं सांगतोय.

हे बघा, घरचा म्हणजे माझा. मीच शिवली, मीच दिली, अंगठा हवा तर अंगठा देतो. घरात मी एकटा. नातबित कोणी नाही, एकटा म्हातारा काहीतरी बोलतो हो, कुणी ऐकणारं मिळालं की. ती पर्स गिऱ्हाइकाची आहे. मला न्या. आत्ता चला, मागच्या जिन्यानं उतरू, तिकडनं कुणी बघत नाही. उठा ना, साहेब. बसलात का? मी घड्याळाकडं नाही बघत. मला कुठं घड्याळ कळतं. उठा, पाया पडतो तुमच्या.

कोण? रस्त्यापलीकडची? डबा काय, ह्या वेळेला सगळ्यांच्याच हातात असतो. इकडं येतेय तर येऊ दे, गिऱ्हाईक आहे, येणारच. मी कशाला ओळखू तिला? बघा, तुम्हीच बघा, कन्नडच बोलतो की नाही तिच्याशी — तुम्ही बसा, बसा, मी इथनंच सांगतो —

म्याडम! अंगडी मुच्चिदे, म्याडम! बंद! नाळे बन्नी!

हसतेय? लोक हसतात, साहेब, म्हाताऱ्याला. — म्याडम, नीवु यारू गोत्तिल्ला! — तुम्ही कोण मला माहीत नाही, एवढंच म्हणतोय तिला, दुसरं काही नाही. पर्स रेडी इल्ला, म्याडम. नाळे. नाळे बन्नी!

बघा. वळली. घरचं माणूस असतं तर डबा तरी ठेवून गेलं असतं, नाही का? रिक्षात बसली. गेली.

ही घ्या तुमची ब्याग. पट्टा झालाय, काळा दोरा घातलाय.

अंगडी बंद, सार. नाळे बन्नी.