मार्गारेटताईंना अर्ज

माझं माहेर लांज्याच्या बाजूचं, लगीन होऊन मुंबईत आली, नि नव्वदच्या सुमाराला मालकांनी इथे मुंबईबाहेर फुलपाड्याला चाळीत खोली घेतलीनी, तर रस्ता नाही, दिवा नाही, पाणी दिवसाआड, ते पण टँकर आला तर. मी शाळेत शिपाई, शिक्षण सातवी, पण चाळीचा अर्ज लिहायचा तर मीच. पाण्याचा अर्ज, गटाराचा अर्ज, दिव्याचा अर्ज, सगळ्या बायकांच्या सह्या-अंगठे घ्यायचे नि नगरसेवकाच्या हापिसात जाऊन बसायचं. एवढ्या अर्जांनंतर काय दिलान त्यानं, तर नाक्यावर सिमेंटचं बाकडं, वर स्वतःचं नाव, अमक्याच्या सौजन्याने. पाणी नाही, पण बसा.

मग मालक वारले. मुलगी एकच, सुनंदा, ती नर्स झाली नि गेली स्कॉटलंडला, नि तिनं मला सहा महिने बोलावलान. काय सांगू तुम्हाला, माझं डोकंच चालेना. नळाला चोवीस तास पाणी, तरी पहिला आठवडा मी टोप भरून ठेवायची. कचऱ्याचे डबे तीन रंगांचे, कुठल्या वारी कुठला ते कागदावर लिहिलेलं. गावात दुकान एकच, त्यातच पोस्ट. बस वेळेवर, एका माणसासाठी पण थांबते. सगळं आहे नि रस्त्यावर माणूस नाही. मग हे सगळं मागितलं कुणी? मला तेच कळेना.

एक दिवस चढावर लाकडी बाकडं दिसलं, त्याला पितळेची पट्टी, मी अक्षरं लावून लावून वाचलं, मार्गारेट. हां, म्हटलं, ही इथली नगरसेविका, नि बाईनं काम केलंय हो. रोज सकाळी एक म्हातारा यायचा, फडक्यानं पट्टी पुसायचा नि तिथेच बसायचा. हा तिचा कार्यकर्ता, दुसरा कोण असणार?

आता सुनंदाला रविवारची ड्युटी, नि रविवारी बस नाही, पोर थंडीत अर्धा तास चालत जायची, माझं काळीज तुटायचं. मी अर्ज लिहिला. मराठीतच, दुसरं येतंय कुठे, पण रीतसर, माननीय मार्गारेटताई यांस, विषय रविवारची बस, खाली माझी सही नि बाजूला जागा सोडलेली, आणखी बायका भेटल्या तर असू दे म्हणून. म्हाताऱ्याच्या हातात दिला, पट्टीवर बोट ठेवलं, हिला द्या म्हटलं. त्यानं कागद उलटासुलटा केलान, पट्टीकडे बघितलान, नि डोळे भरले त्याचे. घडी करून आतल्या खिशात ठेवलान. मी खूश, म्हटलं काम झालं.

सुनंदाला सांगितलं तर ती आधी हसली, मग बोलली, आई, ती त्याची बायको गं, वारलीय ती, तिला तिथे बसायला आवडायचं म्हणून त्यानं बाकडं ठेवलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेलेल्या बाईकडे मी बस मागितली! दोन दिवस तिकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, तर म्हातारा सरकून बसला, मला जागा केलीन. मग रोजच. तो त्याच्या भाषेत बोलायचा, मी माझ्या.

सहा महिने भरले, मी परत चाळीत आली. आता सुनंदा फोनवर सांगते, खोली विक नि कायमची ये, मी इथे एकटी आहे. खरं आहे तिचं. पण इथे मी सकाळी दार उघडलं नाही तर शेजारीण कडी वाजवते, तिथे कोण वाजवील? उद्या दलाल यायचाय, त्याला मी हो पण बोलली, नको पण बोलली. चाळीचे एवढे अर्ज लिहिले, हा कुणाला लिहू, सांगा.

नाक्यावरच्या बाकड्यावर बसते नि हेच घोळवते. तिकडे सुनंदाकडे डोळे मिटले तर पोर ठेवील माझ्या नावाचं बाकडं चढावर, रविवारी चालत येऊन पट्टी पण पुसेल. पण तिला जागा करून द्यायला बाजूला कोण असेल हो? काही कळत नाही. तुमची आई आहे ना? मग आज तिच्याकडे जाऊन या, बरं होईल तुमचं.