हडळीची माफी

(डबिंगची खोली. काचेच्या अलीकडे माइकसमोर ताई. पलीकडे दिग्दर्शक आणि रेकॉर्डिंग करणारे काका.)

ताई : किंकाळ्या म्हणशील तेवढ्या मारते. सकाळपासून तेच चाललंय. पण हे काय नवीन? ‘चुकलं माझं. द्या इकडे ते ताट.’ हडळ असं बोलते होय?

दिग्दर्शक : शेवट बदललाय, ताई.

ताई : कोणी?

दिग्दर्शक : निर्मात्यांनी. म्हणजे बदलला मीच. त्यांनी बदलायला लावला.

काका : बाई, माइकपासून जरा लांब. श्वास येतोय.

ताई : येणारच. जिवंत आहे अजून. हे बघ, मला नीट सांग. एखादा पुरुष जेवून उष्टं ताट तसंच टाकून उठला, की ही त्याच्या मानगुटीवर बसते. अख्ख्या गावातले बाप्ये जीव मुठीत धरून भांडी घासतात. तो मिशीवाला फौजदार घासणी हातात घेऊन हुंदके देतो, तिथे मला हसू आवरेना. आणि शेवटी हीच माफी मागून हिरोच्या हातातलं ताट काढून घेते?

दिग्दर्शक : हो. मग तिला मुक्ती मिळते.

ताई : भांडी घासून मुक्ती. छान.

दिग्दर्शक : टोचू नका हो. खूप भांडलो मी. ते म्हणतात, बायका हसू देत, पण नवरा थिएटरातून खट्टू होऊन बाहेर पडायला नको.

ताई : आणि तू मान डोलावलीस.

दिग्दर्शक : नाहीतर पिक्चर डब्यातच राहिला असता. मला आता फक्त झोप हवीय.

ताई : ती मलाही हवीय. घ्या काका. ‘चुकलं माझं! द्या इकडे ते ताट!’

काका : हे ताट त्याच्या डोक्यात बसणार.

ताई : पुन्हा घ्या. ‘चुकलं माझं... द्या ना इकडे, ते ताट.’

काका : ही साबणाची जाहिरात झाली.

ताई : जमत नाहीये बाबा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भुतांसाठी ओरडून घशाचं पार भुस्कट झालंय. तूच सांग, तू लिहिलंस ना. हिला मुळात राग कशाचा आला होता?

दिग्दर्शक : हिला नाही. माझ्या आत्याला आला होता.

ताई : म्हणजे?

दिग्दर्शक : तिच्या सासरी सगळे जेवून उठले होते. ताटं तशीच. आत्याने एक ताट उचललं आणि सरळ अंगणात भिरकावलं. मग दुसरं. मी लहान होतो, मला भारी मजा वाटली. तिचे सासरे म्हणाले, हिला झपाटलंय. मांत्रिक बोलावला. खोलीत कोंडून धुरी दिली. केसांना धरून विचारत होता, कोण आहेस तू? कुठून आलीस?

ताई : मग?

दिग्दर्शक : ती स्वतःचंच नाव सांगत होती. तो म्हणायचा, खोटं बोलतेस. आणि मारायचा.

काका : अरे देवा.

ताई : कोणी सोडवलं नाही?

दिग्दर्शक : माझे बाबा दाराशीच उभे होते. शेवटी तीच म्हणाली, चुकलं माझं.

ताई : रडत?

दिग्दर्शक : नाही. भाजीत मीठ घालायचं राहिलं, असं सांगावं तसं. बाहेर आली आणि भांडी घासायला बसली. सगळे म्हणाले, उतरलं भूत.

ताई : ...काका, घ्या.

काका : चालू आहे.

ताई : ‘चुकलं माझं. द्या इकडे ते ताट.’

काका : ...याच्यावर कोणी हसणार नाही.

ताई : आणखी एक गोडसा देऊन ठेवू? निर्मात्यांसाठी?

दिग्दर्शक : नको. हाच ठेवा.

काका : ते विचारतील, दुसरा का नाही घेतला.

दिग्दर्शक : सांगा, बाईंचा घसा बसला.

ताई : बसलाच आहे, खोटं काय त्यात? आत्या आहेत का रे अजून?

दिग्दर्शक : आहे ना. पहिल्या खेळाला ये म्हणालोय.

ताई : येणार?

दिग्दर्शक : म्हणाली, मागचं आवरून झालं तर येते.