सिनेमातल्या मोटारसायकलची फाटकी सीट

मी, सीटवाले काका म्हणून ओळखला जाणारा, वय ६७ वर्षे, धंदा वाहनांच्या सीट शिवणे, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, पत्नीसह. समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

तक्रारदार माझे साडू, म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत. विमा कचेरीतून निवृत्त झाले आहेत. आमचे संबंध चांगले आहेत, निदान एकमेकांकडे जेवायला जाण्याइतके.

गेल्या महिन्यात त्यांनी एक जुनी मोटारसायकल विकत घेतली. ती शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी असून एका चित्रपटासाठी खास बनवून घेतलेली होती. त्यात नायक गाडीसकट दुकानाची काच फोडून बाहेर पडतो, काचेने सीट फाटते आणि तशाच फाटक्या सीटवर तो नायिकेला घेऊन जातो. गाडीसोबत चित्रीकरणाचा फोटोही मिळाला. त्यात सीटवरची चीर स्पष्ट दिसते. गाडी तीच, हे त्या चिरेवरूनच पटते, असे साडूंचे म्हणणे आहे. ते मला मान्य आहे.

गाडी आणली त्या दिवशी साडूंनी माझ्या पत्नीला मागे बसवून एक चक्कर मारली. मी दुकानाच्या दारात उभा होतो. उतरताना ती म्हणाली, "भावोजी, पोटात गोळाच आला हो." तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता, तो उतरण्यापुरताच असावा. साडू मला म्हणाले, "बघतोस काय? तुझी ती मोपेड आता भंगारात दे." त्यावर पत्नी म्हणाली, "असू दे हो, भाजी आणायला बरी पडते." दोघेही हसले. मीही हसलो.

नंतर साडू म्हणाले, "सीट दगड झालीय रे. कंबर धरते. जरा मऊ करून दे." चिरेबद्दल ते काही बोलले नाहीत. मी विचारले नाही. मी जुने कव्हर उतरवले, नवा फोम घातला आणि वर नवे काळे कव्हर दुहेरी टाक्याने शिवले. शिलाईबद्दल तक्रार नाही. जुन्या कव्हरच्या पट्ट्या कापून एका टेम्पोच्या सीटच्या कडांना लावल्या. टेम्पो कुठला, ते माहीत नाही.

सीट पाहिल्यावर साडू माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "अरे, ही आता कुणाचीही गाडी झाली." मी पाणी दिले. ते त्यांनी घेतले नाही.

आज इथे ठाण्यात आल्यावर साडू मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाले, "सवयीने शिवलं, चिरेचं ठाऊक नव्हतं, एवढं सांग. मी तक्रार मागे घेतो. दोघी बहिणी आहेत, घरात तेढ नको." ते मनाने चांगले आहेत. त्याचाही मला त्रास होतो. पत्नी जवळच बाकावर होती. चष्मा काढून पुसत राहिली.

तो चित्रपट पाहिला होता का, असे विचारल्यावरून सांगतो की, पाहिला होता. लग्न ठरल्यावर, पत्नीसोबत, पडद्याच्या अगदी जवळच्या रांगेत. काच फुटली तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला. पुढे तोच चित्रपट आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला आणि दर वेळी तिने तिथेच दंड धरला. ती चीर मला पाठ आहे. कात्री लावण्याआधी मी तिच्यावरून बोट फिरवले होते.

हा जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने तो बाकापर्यंत ऐकू गेला. वाचताना एके ठिकाणी 'रागाच्या भरात कात्री लावली' असे आले. राग नव्हता, मी जळत होतो. ते वाक्य खोडून तशी दुरुस्ती मी करून घेतली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व खरा आहे.